गरम झाला की बंद पडणारा ट्रक: जुन्या गाडीचा ईसीयू बदलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ट्रक साधारण पंधरा वर्षांचा. सहा सिलिंडरचं कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) डिझेल इंजिन, २४ व्होल्टची वायरिंग, मागे टिपर बॉडी. इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, इंजिन ब्लॉकच्या डाव्या अंगाला चार बोल्टांवर बसवलेला. मूळ रचनेत प्रत्येक बोल्टभोवती रबरी बुश आणि बुशच्या आत धातूची स्लीव्ह असते. बोल्ट स्लीव्हवर आवळला जातो, रबर मोकळं राहतं आणि इंजिनची थरथर ईसीयूपर्यंत पूर्ण पोचत नाही. ईसीयूला दोन मोठे कनेक्टर आहेत. गाडीकडच्या कनेक्टरमधून विजेचा पुरवठा, अर्थ (चॅसिसला जोडलेली परतीची तार), चावीचा सिग्नल, अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या लाइनच्या, दोन तारा येतात. इंजिनकडच्या कनेक्टरला सगळे सेन्सर आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर जोडलेले असतात.

देखभाल एकंदर चांगली होती. नोंदवहीत दोन जुनी कामं होती, ज्यांचा या तक्रारीशी संबंध असेल असं सुरुवातीला कुणाला वाटलं नाही. एकदा हेड उतरवून काम झालं होतं आणि त्या वेळी वाट मोकळी करायला ईसीयू काढून परत बसवला होता. त्याच सुमारास तीन आणि पाच नंबरचे इंजेक्टर बदलले होते. पुढे ही दोन्ही कामं महत्त्वाची ठरली.

समस्या

भरलेली गाडी तास-दीड तास चालली की टॅकोमीटरचा काटा एकदम शून्यावर यायचा आणि इंजिन बंद व्हायचं. झटके नाहीत, धूर नाही, पिकअप हळूहळू कमी होणं नाही. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण धरायचं नाही. अर्ध्या-पाऊण तासाने, काहीही न करता, पहिल्या सेल्फला सुरू.

ही तक्रार नुसती खोळंब्याची नव्हती. या ट्रकचा हायड्रॉलिक स्टीअरिंगचा पंप आणि ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर, दोन्ही इंजिनवर चालतात. भरलेला टिपर उतारावर असा बंद पडला तर स्टीअरिंग दगडासारखं जड होतं आणि टाक्यांमध्ये उरलेल्या हवेवरच गाडी थांबवावी लागते. म्हणून निदान होईपर्यंत गाडी भरून पाठवायची नाही, हा निर्णय सर्वांत आधी घ्यायला हवा होता. तो उशिरा घेतला गेला. मधल्या काळात चालकाने दोन वेळा गाडी नुसत्या हाताच्या जोरावर कडेला घेतली.

आधी झालेला खर्च

ही गाडी निदानासाठी नीट हातात येण्यापूर्वी क्रँक सेन्सर आणि कॅम सेन्सर (दोन्ही इंजिनचं फिरणं मोजणारे), डिझेल फिल्टर, फीड पंप आणि मेन रिले (ईसीयूचा पुरवठा जोडणारा स्विच) बदलून झाले होते. प्रत्येक वेळी कारण होतं. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर सुरू, हे क्रँक सेन्सरचं नेहमीचं लक्षण आहे, आणि स्कॅनरवर (ईसीयूने साठवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पहिला कोडही इंजिनच्या फेऱ्यांच्या सिग्नलचा होता: एसपीएन (बिघाड कशात ते सांगणारा नंबर) १९०, एफएमआय (बिघाडाचा प्रकार सांगणारा नंबर) २.

पण त्याच यादीत खाली आणखी तीन कोड होते: १०० म्हणजे ऑइल प्रेशर, १०२ म्हणजे टर्बोनंतरचा हवेचा दाब, आणि १५७ म्हणजे रेल प्रेशर. तिन्हींचा एफएमआय ४, म्हणजे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी. आणि तिन्हींची मोजणी सारखीच, १४ वेळा. तीन वेगवेगळ्या जागचे तीन सेन्सर एकाच क्षणी, तितक्याच वेळा खराब होत नाहीत. त्यांच्यात समान असतो तो ५ व्होल्टचा पुरवठा, आणि तो ईसीयूच्या आत तयार होतो. क्रँकचा कोड हा परिणाम होता: इंजिन फिरत असताना ईसीयू मध्येच विझला आणि पुन्हा उठला, तर फेऱ्यांचा हिशेब तुटल्याची नोंद होणारच. स्कॅनरवर जो कोड वर दिसतो तो आधी घडलेला असतो असं नाही. यादी बहुतेक वेळा नंबराच्या किंवा साठवणीच्या क्रमाने येते.

निदानाची सुरुवात: पुरवठा आणि अर्थ

ईसीयूवर शंका घ्यायची तर आधी त्याला नीट खायला मिळतंय का ते बघावं लागतं. इथे मल्टिमीटर एकटा फसवतो. दहापैकी नऊ तारा तुटलेल्या वायरमधूनही मीटर पूर्ण २५ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. म्हणून २४ व्होल्ट, ७० वॉटचा हेडलाइटचा बल्ब लोड म्हणून वापरला. तो साधारण ३ अँपिअर ओढतो. वाटेत २ ओहमचा अडथळा असेल तर ५ व्होल्टच्या आसपास तिथेच पडतात आणि बल्ब मंद दिसतो.

गाडीकडचा कनेक्टर काढून प्रत्येक पुरवठा-पिन आणि प्रत्येक अर्थ-पिन वेगवेगळी तपासली. ईसीयूला एकापेक्षा जास्त पुरवठे आणि अर्थ असतात. एक चांगला सापडला म्हणजे बाकीचे चांगले असं धरू नये. पिनमध्ये मल्टिमीटरचा टोकदार प्रोब किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसायचा नाही. त्याने टर्मिनल फाकतं आणि जो बिघाड नव्हता तो आपण तयार करतो. त्याच मापाचं सुटं टर्मिनल वायरला जोडून चाचणीची तार बनवावी. हीच तार प्रत्येक पिनमध्ये घालून बाहेर ओढली की पकड सैल कुठे आहे तेही हाताला कळतं.

एका अर्थ-वायरवर लोड असताना १.१ व्होल्ट पडत होते. मर्यादा ०.२ व्होल्टच्या आत असायला हवी. चॅसिसवरच्या थिंबलखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवट गंज होता. थिंबल नवीन लावला, खालचा रंग घासून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळल्यावर वरून गंजरोधक फवारलं. पडणारं व्होल्टेज ०.०६ वर आलं.

पहिला निर्णय इथे आला. खरा दोष सापडला होता, मग आता गाडी सोडून द्यायची का? मालकांची घाई रास्त होती. पण चार अर्थांपैकी एकच कमजोर असताना ईसीयू पूर्ण विझेल का, आणि तोही नेमका तापल्यावरच, याचं समाधानकारक उत्तर नव्हतं. गाडी रिकामी, सपाट रस्त्यावर, दुसरी गाडी मागे ठेवून चालवायची असं ठरलं. मीटरच्या तारा ईसीयूच्या पुरवठ्यावर जोडून केबिनमध्ये आणल्या. इंजिन पुन्हा बंद पडलं. त्या क्षणी पुरवठा २७.९ व्होल्ट होता, जराही हलला नव्हता. अर्थाचा दोष खरा होता, पण तक्रार त्याची नव्हती.

दोष सेन्सरमध्ये, वायरिंगमध्ये की ईसीयूत?

५ व्होल्टचा पुरवठा पडतो तेव्हा ईसीयूलाच दोष द्यायचा मोह होतो. पण इंजिनला घासून सोललेली एक वायर किंवा आतून शॉर्ट झालेला एक सेन्सरही ती ५ व्होल्टची लाइन खाली ओढू शकतो, आणि रबर-प्लास्टिक तापून मऊ झाल्यावरच टेकणारी वायर अगदी असंच गरम-थंड लक्षण देते. नेहमीची पद्धत म्हणजे ५ व्होल्ट मोजत एकेक सेन्सर काढत जायचं आणि कोणता काढल्यावर व्होल्टेज परत येतं ते बघायचं. ४.७५ ते ५.२५ ही साधारण योग्य मर्यादा. बिघाड मिनिटाभरात निघून जाणारा असेल तर ही पद्धत हाताशी येत नाही.

त्यामुळे उलटी वाट धरली. चावी बंद करून इंजिनकडचा कनेक्टर पूर्ण काढला. आता सेन्सर नाहीत, इंजेक्टर नाहीत, इंजिनवरची वायरिंग नाही. गाडीकडचा कनेक्टर तेवढा जोडलेला, चावी ऑन, स्कॅनर लावलेला. सेन्सर नसल्याचे कोड भरपूर येतात, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही. ईसीयू बोलतोय की नाही एवढंच बघायचं.

मग हीट गनने ईसीयूची बाहेरची पेटी हळूहळू तापवली. तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजताना चमकदार अ‍ॅल्युमिनियमवर वाचन खूप कमी येतं. पेटीवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरला. गन एका जागी रोखून धरायची नाही, कनेक्टरच्या प्लास्टिकवर तर नाहीच, आणि ८० अंशांच्या वर जायचं नाही. इंजिनवर बसणारी ईसीयू एवढं तापमान रोज सोसते, त्यामुळे चाचणीत अन्याय होत नाही.

६४ अंशांना स्कॅनरचा संपर्क तुटला. पुरवठा आणि अर्थ लोडसह जागच्या जागी. पंख्याने पेटी थंड केली, ५० अंशांच्या आसपास संपर्क परत आला. पुन्हा तापवली, पुन्हा ६० ते ६५च्या दरम्यान तुटला.

कॅनची बाजूही मोजून घेतली. बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या सी आणि डी पिनमध्ये ६० ओहम आले. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन टर्मिनेटर (टोकाचे रेझिस्टर) असतात, ते समांतर जोडल्यावर ६० होतात. १२० आले असते तर एक टर्मिनेटर सुटलेला, शून्याजवळ आले असते तर दोन्ही तारा एकमेकींना टेकलेल्या. शिवाय संपर्क तुटलेला असतानाही एबीएस आणि बाकीची युनिट स्कॅनरशी बोलत होती, म्हणजे लाइन शाबूत होती. आता दोष ईसीयूच्या पेटीत आहे असं खात्रीने म्हणता आलं. सगळा वेळ गेला तो शंका खरी आहे हे सिद्ध करण्यात, आणि तो वाया गेला नाही. या टप्प्याआधी दुसरा ईसीयू आणला असता आणि दोष वायरिंगमध्ये निघाला असता, तर चांगला ईसीयूही त्याच शॉर्टला बळी पडण्याची शक्यता होती.

थंड असताना मिळालेली संधी

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय पर्यायांची चर्चा सुरू होण्याआधीच घ्यावा लागला. ईसीयू थंड असताना बोलत होता. असा दोष वाढत जातो, आणि उद्या तो थंडही बोलणार नाही. त्याच्या पोटात जे आहे ते आजच बाहेर काढून ठेवायला हवं होतं.

ईसीयूच्या आत ढोबळमानाने दोन प्रकारची माहिती असते. फ्लॅश मेमरीत प्रोग्रॅम आणि त्या इंजिनाच्या शक्तीनुसार बनवलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेल, हवेचा दाब वगैरेंची मापं. ईईप्रॉममध्ये त्या एका गाडीची ओळख: चॅसिस नंबर, इमोबिलायझरची (योग्य चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) जोडी, इंजेक्टरचे कोड, इंजिनाचे तास, वेगमर्यादा, पीटीओच्या (इंजिनच्या जोरावर बॉडी उचलणारी जोडणी) सेटिंग, टायर आणि एक्सलचं प्रमाण. टिपरसाठी पीटीओच्या सेटिंग विसरल्या तर गाडी चालते पण बॉडी उचलताना इंजिनच्या फेऱ्या वाढत नाहीत, आणि मग नवाच शोध सुरू होतो.

आधी स्कॅनरने जे वाचता येतं ते सगळं वाचून त्याची छापील प्रत काढली. नंतर ईसीयू काढून टेबलवर, स्थिर पुरवठ्यावर, बाजूला पंखा लावून दोन्ही मेमरी पूर्ण वाचल्या. प्रत्येक मेमरी दोनदा वाचून दोन्ही फाइली बाइट-बाय-बाइट जुळवल्या. आजारी ईसीयूच्या बाबतीत एका वाचनावर विसंबणं धोक्याचं. वाचताना मध्येच एक बाइट चुकला तर ती चूक नव्या ईसीयूत जशीच्या तशी उतरते.

पर्याय

पहिला, कंपनीचा नवीन ईसीयू. तो कोरा येतो आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरनेच त्यात गाडीची माहिती भरावी लागते. हमी मिळते, कॅलिब्रेशन ताजं मिळतं. पण पंधरा वर्षं जुन्या मॉडेलचा हा भाग साठ्यात नव्हता आणि केव्हा येईल ते सांगता येत नव्हतं.

दुसरा, दुरुस्त करून तपासलेला बदली ईसीयू. आपला जुना द्यायचा, त्यांचा घ्यायचा. पर्याय चांगला, पण यात जुना ईसीयू हातातून जातो. त्यातली माहिती काढून ठेवल्याशिवाय तो कधीच देऊ नये.

तिसरा, आपल्याच ईसीयूची दुरुस्ती. यात ओळख, इमोबिलायझर, सगळं जागेवर राहतं. अडचण पेटी उघडण्याची आहे. ती सीलबंद असते, आत काही वेळा जेल भरलेलं असतं, आणि सर्किट सिरॅमिकच्या पट्टीवर असेल तर साध्या सोल्डरिंगने तिथे काहीच करता येत नाही. फायबरच्या बोर्डावर असेल तर जमू शकतं. पेटी उघडल्याशिवाय यातलं काहीच कळत नव्हतं.

चौथा, जुन्या बाजारातला ईसीयू. मालकांनी तो चौकशीआधीच आणून ठेवला होता आणि त्यांचा आग्रह होता की लावून तर बघू. लेबल पाहिलं तेव्हा हार्डवेअर नंबर शेवटच्या अंकापर्यंत जुळत होता, सॉफ्टवेअर नंबर वेगळा होता. म्हणजे पेटी तीच, पण आतलं कॅलिब्रेशन दुसऱ्या शक्तीच्या इंजिनाचं. तो तसाच लावायला वर्कशॉपने नकार दिला आणि तो नकार योग्य होता. दुसऱ्या इंजिनाच्या कॅलिब्रेशनवर इंजिन सुरू झालं तरी डिझेलचं माप आणि टर्बोचा दाब चुकीचा राहतो. काही यंत्रणांमध्ये परका ईसीयू पहिल्यांदा चावी ऑन करताच इमोबिलायझरशी जोडणी करून बसतो आणि ती परत सोडवता येत नाही. बघू तरी म्हणून केलेली एक चावी महागात पडते.

ठरलं ते असं: बाजारातला ईसीयू वापरायचा, पण त्यात आपल्या गाडीच्या दोन्ही मेमरी पूर्ण उतरवून. आणि आपला मूळ ईसीयू जपून ठेवून नंतर दुरुस्तीला उघडायचा. कॅलिब्रेशन मूळचंच राहील, वेगमर्यादा किंवा उत्सर्जनाच्या यंत्रणेत काहीही बदलायचं नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट केलं. ईसीयू टेबलवर उघडा असला की अशा सूचना हमखास येतात.

बसवण्याआधीची तपासणी

बाजारातल्या ईसीयूवर विश्वास ठेवायला काही आधार नव्हता, म्हणून त्यालाही टेबलवर तीच गरम चाचणी दिली. ७८ अंशांपर्यंत संपर्क तुटला नाही, ५ व्होल्टच्या लाइन ५.०१ आणि ५.०२ वर स्थिर. मग मेमरी उतरवल्या आणि परत वाचून मूळ फाइलींशी जुळवल्या.

इंजेक्टरचे कोड फाइलमधून आले तरी ते इंजेक्टरवर छापलेल्या कोडशी ताडून बघायचं ठरलं. त्यासाठी टॅपेट कव्हर उतरवावं लागलं आणि हे काम टाळता आलं तर बरं, असं सगळ्यांना वाटत होतं. कव्हर काढलं तेव्हा तीन आणि पाच नंबरचे कोड जुळत नव्हते. हेडच्या कामात बदललेले इंजेक्टर कधी नोंदवलेच गेले नव्हते. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात मोजला जातो आणि तो किती कमी-जास्त डिझेल सोडतो हे त्या कोडमध्ये असतं. चुकीच्या कोडवर ईसीयू जुन्या इंजेक्टरचा हिशेब नव्याला लावतो. थंडीत येणारी थोडी मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) आणि पांढरट धूर, ज्याची चालकाने पूर्वी तक्रार केली होती, त्याचं कारण बहुधा हेच. नवे कोड गाडीवर स्कॅनरने टाकायचे, असं कागदावर लिहून ठेवलं.

आता मूळ कारणाकडे. ईसीयू का बिघडला हे न बघता दुसरा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

बसवण्याच्या जागी दोन गोष्टी सापडल्या. चारपैकी दोन रबरी बुश कडक होऊन तडकलेले होते. उरलेल्या दोन बोल्टांखालच्या धातूच्या स्लीव्ह नव्हत्याच. हेडच्या कामानंतर बसवताना त्या हरवल्या आणि त्यांच्याऐवजी लांब बोल्ट वॉशर लावून आवळले गेले. त्यामुळे रबर चेपून पूर्ण घट्ट झालं आणि ईसीयू जणू ब्लॉकलाच जोडला गेला. डिझेल इंजिनची थरथर वर्षानुवर्षं थेट बोर्डावरच्या झाळीपर्यंत (सोल्डरच्या जोडांपर्यंत) पोचत राहिली. ईसीयूच्या पेटीपासून ब्लॉकपर्यंत जाणारी अर्थची पट्टीही एका टोकाला तुटलेली होती.

इंजिनकडच्या कनेक्टरमध्ये एका पिनभोवती तेल होतं. ती वायर ऑइल प्रेशर सेन्सरची. सेन्सर आतून गळू लागला की तेल वायरच्या तारांमधल्या पोकळीतून चढत चढत कनेक्टरपर्यंत येतं. तेलातून वीज जात नाही, पण ते सील फुगवतं आणि पुढे ईसीयूच्या आत शिरतं. सेन्सर बदलला, त्या पिनची वायर तेवढ्या लांबीची नवी घातली, कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवला. नुसता कनेक्टर पुसला असता तर वायरमध्ये उरलेलं तेल पुन्हा आलं असतं.

अल्टरनेटर २८.२ व्होल्ट देत होता आणि त्यावरची एसी लहर ०.२ व्होल्ट होती, म्हणजे त्याच्या आतले डायोड ठीक. राहिला अंदाजाने बदललेला मेन रिले. त्यात कॉइलवर सप्रेशनचा डायोड किंवा रेझिस्टर नव्हता. असा रिले बंद होताना कॉइलमधून शेकडो व्होल्टचा झटका उठतो आणि तो थेट ईसीयूच्या रिले चालवणाऱ्या सर्किटवर जातो. योग्य रिले लावला. डायोडवाला रिले घेतला तर ८५ आणि ८६ या पिनची दिशा पाळावी लागते. उलट लावला तर डायोडमधूनच शॉर्ट होतो.

प्रत्यक्ष बसवणी

चावी बंद केल्यावर लगेच बॅटरी काढायची नाही. ईसीयू काही काळ जागा राहून माहिती साठवतो. दोन-तीन मिनिटं थांबून आधी निगेटिव्ह काढली. मग नवे बुश, चार स्लीव्ह, मूळ लांबीचे बोल्ट. बोल्ट क्रॉसमध्ये थोडे थोडे आवळले आणि शेवटी हाताने ईसीयू हलवून पाहिला: रबरावर किंचित हलला पाहिजे. अर्थची पट्टी नवी. कनेक्टर सरळ बसवून लिव्हर बोटाच्या जोराने बंद झाला. जोर लावावा लागत असेल तर कुठलीतरी पिन वाकडी आहे, तिथेच थांबावं. हार्नेस ईसीयूपासून थोड्या अंतरावर क्लिपने बांधला, नाहीतर लोंबणाऱ्या वायरिंगचं वजन कनेक्टरच्या पिनांवर येतं. इंजेक्टरच्या वायरींना चालू इंजिनवर हात लावायचा नाही, कारण ईसीयू त्यांना बॅटरीपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतो.

सुरू करण्याआधी चावी ऑन करून स्कॅनरवर चॅसिस नंबर, वेगमर्यादा आणि पीटीओ छापील प्रतीशी ताडले. तीन आणि पाचचे नवे कोड टाकले, चावी बंद-चालू करून ते टिकलेत का ते परत वाचलं. जुने फॉल्ट कोड पुसले. हँड पंपाने डिझेलची एअर काढली. सेल्फ पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारला नाही, मध्ये मिनिटभराची विश्रांती. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिनने धरलं.

निकाल

आधी रिकामी, मग अर्धी, मग पूर्ण भरलेली गाडी चालवून पाहिली. ईसीयूच्या पेटीवर तापमानाचा सेन्सर चिकटवून केबिनमध्ये वाचन घेतलं. चढावर ते ७१ अंशांपर्यंत गेलं, जिथे जुना ईसीयू कधीच विझला असता. ५ व्होल्टच्या लाइन हलल्या नाहीत, सक्रिय कोड एकही नाही. थंड सुरुवातीची मिसिंग आणि धूर दोन्ही गेले. नंतरच्या महिन्यांतही बंद पडण्याची तक्रार आली नाही.

मूळ ईसीयू पुढे उघडला. आत फायबरचा बोर्ड निघाला. पुरवठा तयार करणाऱ्या भागातल्या सर्वांत जड कॉइलच्या एका पायाभोवती झाळीला गोल तडा होता, भिंगाखाली स्पष्ट दिसणारा. थंड असताना तडा टेकलेला, तापून धातू पसरला की सुटलेला. बोर्डावर सर्वांत जड भाग तोच, म्हणून थरथरीचा सर्वांत जास्त मार त्यालाच. झाळ पूर्ण काढून नव्याने भरली, कॉइल बोर्डाला चिकटवली, पेटी पुन्हा सील करून गरम चाचणी घेतली. तो आता सुटा भाग म्हणून ठेवलेला आहे. त्यात तीन आणि पाचचे जुनेच कोड आहेत, म्हणून पेटीवर तसं लेबल लावलं.

वेगळं काय करता आलं असतं

कोडची यादी पूर्ण वाचली असती तर सेन्सर आणि पंपाचा खर्च टळला असता. तीन सेन्सर, एकच एफएमआय, एकच मोजणी, हा धागा पहिल्याच दिवशी समोर होता.

इंजिनकडचा कनेक्टर काढून घेतलेली गरम चाचणी खूप आधी करता आली असती. तिला हीट गन, स्कॅनर आणि तासाभराचा वेळ एवढंच लागतं. अर्थाचा दोष सापडल्यावरची रस्त्यावरची चाचणी मात्र टाळण्यासारखी नव्हती. ती केली नसती तर गाडी दुरुस्त समजून भरून पाठवली गेली असती.

ईसीयूची माहिती या तक्रारीची वाट न बघता, हेडच्या कामाच्या वेळीच काढून ठेवायला हवी होती. पेटी तेव्हा हातात होती. जुन्या गाड्यांच्या ताफ्यात प्रत्येक ईसीयूची फाइल, इंजेक्टरच्या कोडचा फोटो आणि सेटिंगची छापील प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणं फारसं अवघड नाही. ईसीयू पूर्ण मेल्यावर यातलं बरंचसं कुठूनही मिळत नाही.

बाजारातला ईसीयू निदानाआधी विकत घेणं हा नशिबाचा भाग ठरला. हार्डवेअर नंबर जुळला नसता तर तो खर्च तसाच गेला असता. घेताना लेबलचा स्पष्ट फोटो मागवून हार्डवेअर नंबर शेवटपर्यंत ताडावा, पेटी पूर्वी उघडल्याच्या खुणा बघाव्यात, पिनांवर गंज किंवा तेल असेल तर सोडून द्यावा.

गाडीवर वेल्डिंग करताना काय काळजी घेतली गेली, याची नोंद कुठेच नव्हती, आणि टिपर बॉडीला वेल्डिंग वरचेवर होतं. आता त्या गाडीच्या कामाच्या कागदावर एक ओळ कायमची छापली आहे: वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचे दोन्ही कनेक्टर काढा, वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या शक्य तितक्या जवळ लावा. त्याच कागदावर दुसरी ओळ आहे, ईसीयू काढून बसवल्यास चार स्लीव्ह मोजून घेण्याची.